ज्वारीच्या मुलखात ज्वारीच परकी!

चंपाषष्ठीचा दिवस होता. दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी खंडोबाच्या देवळापुढे पंगत बसली होती. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, तूप, वरण आणि वांग्याचे भरीत असा अस्सल वऱ्हाडी थाट होता. वाढणाऱ्याने माझ्या पत्रावळीवर रोडगा ठेवला. मी तो कपाळाला लावला आणि हात जोडून परत केला. शेजारचे वडीलधारे गृहस्थ दुखावले. "एका रोडग्यानं काय होते भाऊ? देवाचा परसाद हाये!" मी पिशवीतून फडक्यात बांधून आणलेली ज्वारीची भाकरी काढली, तेव्हा पलीकडून कोणीतरी हसले, "एवढा मोठा मानूस, अन् घरून भाकर बांधून आनते!"

त्या वडीलधाऱ्यांचा मला राग आला नाही. त्यांच्या आग्रहात श्रद्धा होती, मायाही होती. मन विषण्ण झाले ते त्या हसण्याने. ज्या गावात माझ्या आजोबांनी उभा जन्म ज्वारीच्या भाकरीवर काढला, जिथे गव्हाची पोळी सणावारालाच पानात पडे, त्याच गावात आज भाकरी खाणारा माणूस थट्टेचा विषय झाला आहे. माझी तर गोष्टच वेगळी. मी भाकरी हौसेने खात नाही. मला गहू चालत नाही, आणि तो या जन्मात कधीच चालणार नाही.

अकरा वर्षांची पायपीट

मला सिलियाक नावाचा विकार आहे. चाळिशीत अशक्तपणा सुरू झाला. तोंड वारंवार येई, पोट फुगे, जिना चढताना धाप लागे. हिमोग्लोबिन सातावर आले. अमरावती झाले, अकोला झाले, नागपूरही झाले. कोणी आम्लपित्त म्हटले, कोणी जुनी आव, कोणी जंत. लोहाच्या गोळ्या झाल्या, इंजेक्शने झाली. एका डॉक्टरांनी तर हसत निदान केले, "पत्रकार आहात. अवेळी जेवण, रात्रीची जागरणे, टेन्शन. दुसरे काय असणार?" एका सल्ल्यावर मात्र सर्वांचे एकमत होते. पचायला हलके खा, भाकरी बंद करा, मऊ पोळी खा, गव्हाचा दलिया घ्या, दुधात बिस्किटे बुडवून खा. ज्या धान्यातून रोग येत होता तेच धान्य पथ्य म्हणून मी अकरा वर्षे निष्ठेने खात होतो!

अखेर एका तरुण डॉक्टरांनी कागदपत्रांची चळत चाळून एकच प्रश्न विचारला, "इतके लोह जाते कुठे?" त्यांनी रक्ताची एक चाचणी लिहून दिली. 'टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज' या विकराविरुद्धची प्रतिद्रव्ये तीत मोजतात. ती होकारार्थी आली. मग दुर्बीण घालून लहान आतड्याचा तुकडा तपासला गेला आणि निदान पक्के झाले. गहू बंद केल्यावर वर्षभरात हिमोग्लोबिन बारावर गेले. औषध एकही नाही!

थोडे शास्त्र समजून घेऊ. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे चिवट प्रथिन असते. कणीक ताणली जाते, पोळी मऊ लाटता येते, ती त्याच्याचमुळे. काही माणसांच्या शरीरात, आनुवंशिक कलामुळे, या प्रथिनाविरुद्ध स्वतःचीच संरक्षक यंत्रणा उठते आणि लहान आतड्याच्या अस्तरावर घाव घालते. मखमलीसारखे सूक्ष्म उंचवटे झिजून ते अस्तर सपाट होते. अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. लोह, फॉलिक आम्ल, कॅल्शियम वाया जातात. मुलांची वाढ खुंटते, प्रौढांची हाडे ठिसूळ होतात, स्त्रियांना गर्भपात होऊ शकतो. कित्येकांना जुलाबाचा त्रासच नसतो. केवळ न हटणारा रक्तक्षय, एवढीच खूण दिसते. ही साधी ॲलर्जी नाही आणि हा संसर्गही नाही. याला औषध नाही. ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच उपाय, आणि तो केला की आतडे पुन्हा भरून येते.

गव्हाचा हा संबंध ओळखला तो विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने. १९३०च्या दशकापासून त्याला संशय होता. महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५च्या उपासमारीच्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला, तेव्हा त्याचा संशय बळावला. १९५० साली उट्रेख्त विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात त्याने आपला निष्कर्ष मांडला. म्हणजे पाऊण शतकापूर्वी जे सिद्ध झाले, ते माझ्यापर्यंत पोहोचायला अकरा वर्षांची पायपीट करावी लागली.

'हा आपल्याकडचा रोग नव्हे'

डॉक्टरांपासून नातेवाइकांपर्यंत सर्वांच्या तोंडी एक वाक्य असते. हा पाश्चात्त्यांचा रोग, आपल्याकडे कुठे असतो? या समजुतीला आता कसलाही आधार उरलेला नाही. भारतीय संशोधकांनी हरियाणा, आसाम आणि तामिळनाडू येथील तेवीस हजारांहून अधिक प्रौढांची तपासणी केली. २०१६ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत हा विकार आढळला. आनुवंशिक कल तिन्ही ठिकाणी जवळजवळ सारखाच होता. फरक होता तो ताटातील गव्हाचा. उत्तरेत माणशी रोज ४५५ ग्रॅम, ईशान्येत ३७ आणि दक्षिणेत २५.

या आकड्यांत आपल्यासाठी इशारा आहे. बीज सर्वत्र आहे. जिथे गहू वाढतो तिथे ते अंकुरण्याची शक्यता वाढते. वऱ्हाड या नकाशात कुठे बसतो? त्या पाहणीत महाराष्ट्राचा एकही जिल्हा नव्हता. पण दोन पिढ्यांत ज्या प्रदेशाने भाकरी सोडून पोळी धरली, त्याने 'हा आपला रोग नव्हे' असे म्हणत स्वस्थ बसावे काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. त्या साऱ्या सिलियाकच्या रुग्ण आहेत असे कोणीही म्हणणार नाही. परंतु महिनोन्महिने लोह देऊनही ज्या बाईचे रक्त वाढत नाही, तिला आणखी एक गोळ्यांची पट्टी देऊन घरी पाठविण्याऐवजी एक चाचणी करायला काय हरकत आहे?

हा प्रश्न मी त्रयस्थपणे विचारत नाही. रुग्णाच्या आईवडिलांत, भावंडांत आणि मुलांत हा विकार इतरांपेक्षा कितीतरी पटीने आढळतो, म्हणून माझ्यामागोमाग धाकट्या बहिणीची तपासणी झाली. ती अकोल्याला दिलेली. दोनदा तिला दिवस राहिले आणि दोन्हीदा गर्भ गळाला. त्या काळात सासरी तिला काय ऐकावे लागले ते ती आजही पुरते सांगत नाही. नवस झाले, अंगारे झाले, पाढरोग म्हणून काढे झाले. रक्ताची ती एक चाचणी झाली नाही. तिचाही अहवाल होकारार्थी आला, तेव्हा ती सत्तेचाळीस वर्षांची होती. ते दोन गर्भ याच विकाराने गेले, असे आज कोणताही डॉक्टर खात्रीने सांगू शकणार नाही. पण उपचार न झालेल्या सिलियाकमध्ये तो धोका वाढतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. कागद वाचून ती एवढेच म्हणाली, "दादा, म्हणजे माझा दोष नव्हता."

बहिणीचे ते वाक्य ऐकल्यानंतर गप्प बसणे मला पाप वाटते.

भाकरी कोणी हिरावली?

निदान झाल्यावर खायचे काय, हा पुढचा प्रश्न. पंजाबातील रुग्णापुढे तो डोंगराएवढा असेल. वऱ्हाडी माणसाला तो पडावाच का? ज्वारीत ग्लुटेन नाही. बाजरी, मका, तांदूळ, नाचणी, भगर, राजगिरा, सर्व डाळी, यांतही नाही. मेळघाटातील कोरकू बांधवांच्या कोदो-कुटकीत आणि सावा-धान्यातही नाही. आपली ज्वारीची भाकरी, उडीद घालून केलेली कळण्याची भाकरी, कण्या, आंबील, लाह्या, हे सगळे या विकाराचे पथ्य आहे. मौज अशी की, ज्वारी सिलियाकच्या रुग्णांना निर्धोक आहे हे जनुकीय पुराव्यानिशी २०१३ साली मांडले ते मुख्यतः इटलीतील संशोधकांनी! आपल्या आजीच्या परातीतले धान्य, आणि त्याला प्रमाणपत्र मिळते ते पास्ता खाणाऱ्या देशातून.

मग ही ज्वारी गेली कुठे? वऱ्हाड म्हणजे कपाशी आणि ज्वारी. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवीमुळे मँचेस्टरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि वऱ्हाडच्या काळ्या मातीत कपाशीचे पीक फोफावले. पण परक्या राजवटीलाही ज्वारी हुसकावता आली नाही, कारण दाणा माणसाला आणि कडबा बैलाला, असा तिचा दुहेरी संसार होता. जे इंग्रजाला साधले नाही ते स्वातंत्र्यानंतरच्या आमच्याच धोरणांनी साधले.

१९५६ साली अमेरिकेशी 'पीएल-४८०'चा करार झाला आणि तिचा गहू बंदरांत उतरू लागला. १९७२च्या दुष्काळात रेशनवर तांबडी 'मिलो' आली. तीही अमेरिकेचीच ज्वारी. ज्यांनी ती खाल्ली ते आजही तिचे नाव काढताच तोंड वाकडे करतात. त्या काळात या गव्हाने, या मिलोने लाखो माणसे जगवली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु संकट टळल्यावरही संकटकाळचे धोरण तसेच राहिले. सरकारी खरेदी गव्हाची आणि तांदळाची, गोदामे त्यांचीच, रेशनही त्यांचेच. १९६४ साली 'सीएसएच-१' हे संकरित ज्वारीचे वाण आले, उत्पन्न वाढले. पण वऱ्हाडची ज्वारी खरिपाची, काढणीच्या वेळी पावसात सापडली की काळी पडते, आणि काळ्या दाण्याला भाव नाही. रानडुकरांचा उपद्रव वेगळाच. शेतकऱ्याने सोयाबीन धरले, यात त्याचा दोष कसला?

२००७ साली तर कमाल झाली. धान्यापासून मद्यार्क बनविणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचे धोरण राज्य सरकारने आणले. काळी पडलेली ज्वारी वाया जाण्यापेक्षा कारखान्याला जाईल, शेतकऱ्याचे भले होईल, असा युक्तिवाद होता. ज्या धान्याला रेशनच्या दुकानात जागा नव्हती, त्याला दारूच्या भट्टीत मात्र मानाचे निमंत्रण!

शब्दही किती बोलके असतात पाहा. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्यात तांदूळ तीन रुपये, गहू दोन रुपये आणि 'भरड धान्य' एक रुपया किलो असे दर ठरले. भरड! २०१८ साली केंद्राने या धान्यांना 'पौष्टिक' म्हणायचे ठरविले. भारताच्या पुढाकाराने २०२३ हे आंतरराष्ट्रीय तृणधान्य वर्ष झाले आणि 'श्री अन्न' हे गोड नाव मिळाले. नामकरणाचे स्वागतच आहे. पण बारसे झाल्यावर बाळाला दूधही पाजावे लागते. २०२३च्या जानेवारीपासून रेशनचे धान्य मोफत झाले. मधूनच काही जिल्ह्यांत ज्वारी वाटली गेली, तो अपवाद. एरवी गरिबाच्या घरात गहू फुकट येतो आणि ज्वारी विकत आणावी लागते. अशा घरात गहू न चालणारे मूल जन्मले, तर आईने काय करावे?

बाजाराचे आणि आपलेही अज्ञान

ही पोकळी बाजाराने बरोबर हेरली. 'ग्लुटेन फ्री' अशी अक्षरे छापलेली बिस्किटे, पाव आणि पिठे मोठ्या शहरांतील दुकानांत सामान्य पिठाच्या कितीतरी पट दराने विकली जातात. ज्यांना काहीही विकार नाही असे हौशी लोक वजन उतरविण्यासाठी ती घेतात. आणि मग खऱ्या रुग्णालाही लोक फॅशनेबल समजू लागतात. दुसरीकडे 'मल्टीग्रेन' नावाच्या पिठात ज्वारी-नाचणीचे चित्र पुढे आणि गहूच अधिक, असाही प्रकार असतो. आईने वेष्टनामागील बारीक अक्षरे वाचली नाहीत, तर मूल आजारी पडते.

परंतु केवळ बाजाराला दोष देऊन चालणार नाही. आपल्यातील काही उत्साही मंडळीही अनर्थ करीत आहेत. "दोष संकरित गव्हाचा आहे. देशी गहू खा, खपली खा, काही होत नाही," असा उपदेश मला किमान दहा सज्जनांनी केला. हे साफ चूक आहे. खपलीतही ग्लुटेन आहे आणि बन्सीतही आहे. स्वदेशीचा अभिमान मलाही आहे, पण आतड्याला देशी-विदेशी कळत नाही. तसेच गहू हे विष आहे, अशी ओरडही खोटी. मेहरगढपासून सिंधू संस्कृतीपर्यंत हजारो वर्षे गहू या भूमीत पिकतो आहे. बहुसंख्य माणसांना तो मानवतो, त्यांनी तो आनंदाने खावा. एखाद्या काढ्याने सिलियाक मुळासकट जातो, असे सांगणाऱ्यापासूनही सावध राहावे. आणि संशय आला म्हणून परस्पर गहू बंद करू नये. आधी चाचणी, मग पथ्य. गहू सोडल्यावर केलेली चाचणी फसवी ठरू शकते.

पथ्य सांगायला सोपे, पाळायला अवघड. ज्या चक्कीवर गव्हाचे दळण निघाले त्याच चक्कीवर ज्वारी दळली की ती बाटलीच. 'ग्लुटेनमुक्त' पदार्थात किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लुटेन नसावे, असा आपल्याकडील नियम आहे. किलोभर ज्वारीच्या पिठात गव्हाच्या पिठाची एक चिमूट पडली तरी ती मर्यादा ओलांडते. मी घरी छोटी चक्की घेतली. माझ्या बहिणीला मात्र भल्या पहाटे, दुकान उघडताच, पहिले पायलीभर टाकाऊ दळण काढून मग आपले दळण मागावे लागते, आणि तेही खात्रीचे नसतेच. बाजारच्या हिंगात मैदा असतो. गव्हाच्या चिकाच्या कुरडया, शेवया, सत्यनारायणाचा शिरा, सातूचे पीठ, सारे वर्ज्य. पोळीची कढई, परात, लाटणे, सगळे वेगळे ठेवावे लागते.

काय करता येईल?

मागण्या फार नाहीत. पहिली, निदानाची. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीलाही आता झाले आहे. न हटणारा रक्तक्षय, खुंटलेली उंची, वारंवार गर्भपात, अशा रुग्णांची ही चाचणी दोन्हीकडे, तशीच जिल्हा रुग्णालयात, विनाशुल्क आणि हटकून व्हावी. रुग्ण सापडला की त्याच्या घरच्यांचीही व्हावी.

दुसरी, धान्याची. निदान झालेल्या रुग्णाच्या कुटुंबाला गव्हाऐवजी ज्वारी मिळण्याचा हक्क असावा. कायद्यात भरड धान्याची तरतूद आहेच, केवळ इच्छा हवी. इटलीने २००५ साली कायदा करून सिलियाक रुग्णांच्या आहाराला सरकारी साह्य दिले. आपल्याला महागडा पाव वाटायचा नाही. शिवारात पिकणारी ज्वारी द्यायची आहे. २०२४-२५च्या हंगामासाठी संकरित ज्वारीचा हमीभाव क्विंटलला ३३७१ रुपये होता. नुसता भाव जाहीर होऊन भागत नाही, खरेदी केंद्राचे दार उघडे लागते. वऱ्हाडची ज्वारी वऱ्हाडच्याच रेशनवर आली, तर रुग्णाला पथ्य, शेतकऱ्याला गिऱ्हाईक आणि बैलाला कडबा, असे तिघांचे कल्याण होईल.

तिसरी, संशोधनाची. अमरावती जिल्ह्यातील पापळचे सुपुत्र, देशाचे कृषिमंत्री डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यात उभे आहे आणि तेथे ज्वारीवर संशोधनही चालते. पावसात काळी न पडणारा दाणा आणि केवळ ज्वारी दळणारी गावोगावची चक्की, या दोन गोष्टी विद्यापीठाने आणि बचत गटांनी मनावर घ्याव्यात.

चौथी मागणी सरकारकडे नाही, आपल्याकडे आहे. आपल्या घरी पाहुणा येतो, कार्यकर्ता मुक्कामाला येतो, शिबिराला शंभर मुले जेवतात. जेवणाआधी एक प्रश्न विचारण्याची सवय लावू या, "तुम्हाला काही वर्ज्य आहे का?" भोजनव्यवस्थेत भाकरीचा एक तवा वेगळा मांडायला खर्च किती येतो? उपवर मुलीला हा विकार आहे म्हणून स्थळ मोडणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की तिला फक्त भाकरी हवी आहे. आणि आग्रहाचे ते घातक वाक्य, 'एका घासाने काय होते?', आपल्या तोंडून कायमचे जाऊ द्या. एका घासाने होते. पोटाच्या आत होते, दिसत नाही एवढेच.

गाडगेबाबा याच जिल्ह्यातील शेणगावचे. हातातल्या मडक्यात घरोघरची भाकरी घेऊन ते हिंडले आणि जमलेल्या पैशांतून त्यांनी इतरांसाठी अन्नछत्रे, धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांच्या मडक्यातली भाकरी कोणाला हसण्यासारखी वाटली नाही. येत्या चंपाषष्ठीला मी पुन्हा गावी जाणार आहे. पिशवीत भाकरी असेलच. पण यंदा गावातल्या चार तरुणांनी शब्द दिला आहे, रोडग्यांच्या आराशेजारी एक चूल मांडून तिच्यावर ज्वारीच्या भाकरी थापायच्या. नैवेद्याच्या ताटातही एक ठेवायची. खंडोबाला ती नवी नाही. विसर पडला आहे तो आपल्याला.